तात्यांच्या विहिरी

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी ओट्यावर टेकतात, पाणी पितात, घरच्यांची विचारपूस करतात. आमचे तात्या आधी मागच्या अंगाला विहिरीवर जायचे. कठड्यावर दोन्ही तळवे टेकून वाकायचे, नाक फेंदारून आतला वास घ्यायचे, एक खडा टाकून कान देऊन ऐकायचे आणि मग घरात येऊन सांगायचे, "अडीच पुरुष पाणी आसा हां अजून. मे म्हयनो काढशात." पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली. माझं लग्न ठरवायला कोल्हापूरला माझ्या सासरी गेले, तेव्हा तिथे विहीर नव्हती. चहा यायच्या आत तात्या गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघून आले. सासूबाईंना वाटलं, व्याही घराची तपासणी करतायत. त्या अजूनही तो प्रसंग सांगतात.

तात्या म्हणजे माझे वडील. कणकवलीच्या बस डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. रोज सकाळी मालवणच्या बाजूने आमच्या वाडीवरून जाणाऱ्या पहिल्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी काळी नखं घेऊन परत यायचे. ती त्यांची नोकरी. छंद होता विहिरीत उतरण्याचा. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनात टाळ धरतं, तसे तात्या विहिरीत उतरायचे. आमच्या आणि शेजारच्या तीन-चार गावांत कुणाची कळशी पडली, घागर पडली, वासरू पडलं, की माणूस आधी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, यायचा. पुढे पुढे मोबाईल पडायला लागले. एकदा एका काकांची कवळी पडली होती. तीही तात्यांनी आणून दिली आणि गावात कुणाला काका कोण ते सांगितलं नाही. आम्हालाही नाही.

भांडी काढायला लोखंडी गळ असतो, दोराला बांधून टाकला की कळशीच्या कानात अडकतो. तात्यांना तो आवडत नसे. "कळशेक पोचो येता," म्हणायचे. खरं कारण ते नव्हतं. त्यांना आत जायचं असायचं. मी एकदा विचारलं होतं, आत काय असतं एवढं? जरा विचार करून म्हणाले, "आत गेलास काय वरचा काय ऐकाक येना नाय." आणि बिडी पेटवली. बिडी फक्त विहिरीतून वर आल्यावर ओढायची, एकच. एरवी कधी नाही.

पण हौस म्हणून त्यांनी कधी वेडं धाडस केलं नाही. दोर दर वेळी हाताखालून वीतभर वीतभर सरकवत तपासायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "ब्रेक बघल्याशिवाय गाडी भायर काढतत काय?" आणि उतरायच्या आधी त्यांचा एक मंत्र असायचा, "आधी नाक, मगे पाय." विहिरीचा वास घेतल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

आई मात्र कधी विहिरीवर गेली नाही. तात्या दोर घेऊन निघाले की ती हातातलं काम टाकून उंबऱ्यावर बसायची. निवडायला तांदूळ घेतलेले असले तरी सूप बाजूला ठेवायची. मी विचारलं, नुसती काय बसतेस? तर म्हणाली, "हात चाललो काय कान चालना नाय." तिला आवाजाची वाट बघायची असायची. तात्या परत येऊन खळ्यातल्या दगडावर ओला पंचा आपटायचे, तो आवाज ऐकू आला की ती उठायची आणि भात लावायची.

बिबट्याची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. सांगणारे ती वाढवून सांगतात, मी होते म्हणून जेवढी घडली तेवढीच सांगते. डोंगराच्या बाजूच्या एका बागेत विहीर होती, तिला कठडा नव्हता. कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या तिच्यात पडला. सकाळी बागेचे मालक काजू गोळा करायला गेले तर खालून गुरगुर. तासाभरात दोनशे माणूस जमलं. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन निघाली होती, पण त्यांना यायला वेळ होता. आत बिबट्या पोहत होता. गोल गोल. दर फेरीला कातळाला नखं लावायचा आणि घसरून परत पाण्यात. नाक तेवढं वर राहिलं होतं.

तात्या आले, बघितलं आणि मालकांना म्हणाले, "केळीचे दोन खांब तोडून हाडा." ते दोन खांब त्यांनी काथ्याने आवळून बांधले, मधोमध दोर लावला आणि हळूहळू खाली सोडले. खांब पाण्यावर टेकले तेव्हा बिबट्या घाबरून लांब गेला. मग दमला आणि आला. पुढचे दोन पाय खांबावर टाकून त्याने मान ठेवली. दोराचं दुसरं टोक तात्यांच्या हातात. कठडा नाही, पायाखाली ओली माती, आणि तात्या काठापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलेले. पाणी वाहतं नसलं तरी खांब भिंतीकडे जात होते, तिथे ते कलंडले असते. म्हणून तात्या दोर हळूच इकडे तिकडे ओढत त्यांना मधोमध धरून होते. कुणी म्हणालं, तात्यानू, आम्ही धरतो, तुम्ही उठा. तात्यांनी मान हलवून नको म्हटलं. मागून कुणीतरी मोबाईलवर फोटो काढायला पुढे घुसला, माती सुटून आत पडली, आणि बिबट्याने वर बघून असा आवाज काढला की दोनशे माणसं एकदम मागे झाली. तात्या हलले नाहीत. हलले असते तर दोर हलला असता.

अडीच तास ते तसे बसून होते. पिंजरा आला, खाली गेला, बिबट्या धडपडत त्यात शिरला, फळी पडली. लोक टाळ्या वाजवत होते. तात्यांना उठता येईना, पाय आखडले होते. दोघांनी धरून उभं केलं. दोन्ही तळव्यांवर काथ्याचे लाल वळ होते. एवढंच म्हणाले, "दमलो होतो बिचारो."

माझ्या मनात ही गोष्ट नेहमी दुसऱ्या एका गोष्टीला लागून येते. त्या दुसऱ्या गोष्टीत त्यांनी दोर धरला नव्हता, माणूस धरला होता.

तेरा वर्षांपूर्वीचा एप्रिल. मी आंब्यांच्या सुट्टीत माहेरी आले होते. तात्या निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. आमच्या घरापासून हाकेच्या थोडं पलीकडे सावित्रीकाकीचं घर. नवरा नाही, दोन मुलगे, मधू आणि प्रकाश. दोघेही तिशीच्या आत-बाहेर. शेती, थोडे काजू, आणि दोघांत एक रिक्षा. त्या दिवशी ते विहिरीतला गाळ काढत होते. पाणी खूप खाली गेलं होतं, वरून पंप खेचेना, म्हणून त्यांनी डिझेलचं इंजिन दोरांनी खाली सोडून आतल्या कट्ट्यावर ठेवलं होतं. अर्धं पाणी उपसून झालं आणि इंजिन अडखळायला लागलं. मधू बघायला खाली उतरला. कट्ट्यावर पोचला, इंजिनाला हात लावला आणि तिथेच बसल्यासारखा झाला. मग आडवा झाला.

सावित्रीकाकीच्या शेजारणीने धावत येऊन हाक मारली तेव्हा तात्या जेवायला बसत होते. ताट तसंच ठेवून धावले. मी मागोमाग. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि प्रकाशने एक पाय कठड्याच्या आत टाकला होता. त्याला दोर बांधलेला नव्हता, काही नव्हतं. तात्यांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला ओढून खाली पाडलं.

"सोडा माका. भाव आसा माझो आत."

"माका म्हायत आसा," तात्या म्हणाले. "आत वारो नाय. धूर भरलो हा. तू गेलंस तर तूव पडतलंस."

प्रकाशने त्यांना लाथ मारली. चौसष्ट वर्षांचा माणूस, तरी तात्यांनी हात सोडले नाहीत. जमलेल्या माणसांतल्या तिघांना त्यांनी सांगितलं, धरा ह्याला, आणि त्या तिघांनी प्रकाशला फणसाच्या बुंध्याशी दाबून धरलं. सावित्रीकाकी कठड्यावर ओणवी होऊन मधूला हाका मारत होती. मी वाकून पाहिलं. मधूचा एक हात कट्ट्यावरून खाली लोंबत होता.

तात्यांनी आंब्याची एक मोठी पालेदार फांदी तोडायला लावली. तिला दोर बांधून ती विहिरीत खाली-वर, खाली-वर करायला दोघांना उभं केलं. बाकीच्यांना बादल्या देऊन वरून पाणी ओतायला सांगितलं, आतली हवा हलावी म्हणून. मला वाटलं होतं दोन मिनिटांत ते स्वतः उतरतील. ते उतरले नाहीत. कठड्यापाशी उभे राहून वास घेत होते. फांदी खाली जात होती, वर येत होती. पाण्याच्या बादल्या रिकाम्या होत होत्या. प्रकाश ओरडून ओरडून आता नुसता घोगरा आवाज काढत होता. सावित्रीकाकी वळली आणि तात्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

"तात्या, तुमच्या पोटचो असतो तर असे उभे ऱ्हवला असतास?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फांदीवाल्यांना म्हणाले, "थांबू नका."

पंधरा मिनिटं. वीस असतील. मग त्यांनी कमरेला दोर बांधला, चौघांच्या हातात दिला आणि सांगितलं, "मी दोर हलयत ऱ्हवतंलंय. हलाचो थांबलो तर इचारू नका, ओढा." आणि उतरले. दोर हलत राहिला. थोड्या वेळाने त्यांनी मधूला बांधून वर पाठवलं, आणि मग स्वतः आले, वर येताच गुडघ्यांवर बसून उलटी केली.

मधू गेला होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आत पडल्यावर पाच-सात मिनिटांतच संपलं असणार, दुसरा कोणी उतरला असता तर तोही राहिला नसता. ते त्यांनी प्रकाशलाही सांगितलं. पण प्रकाशला ते ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. तो तात्यांकडे बघून एकच वाक्य बोलला. "तुमी माका धरलात." आवाज चढवला नव्हता.

तात्यांना दोन दिवस डोकेदुखीने उठता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते सावित्रीकाकीच्या घरी गेले. प्रकाशने दार आतून लावून घेतलं. तात्या खळ्यात जरा वेळ उभे राहिले आणि परत आले.

त्यानंतर सहा वर्षं त्या घराने आमच्याशी बोलणं ठेवलं नाही. लहान वाडीत हे फार अवघड असतं. एकच पायवाट, एकच दुकान, एकच बस. तात्या दुकानात असले तर प्रकाश बाहेर थांबायचा. गणपतीत आरतीला वाडी घरोघर फिरते, तेव्हा आमच्या घरची आरती झाली की प्रकाश पुढच्या घरी येऊन मिळायचा. तात्यांनी देवळात जायची वाट बदलली. त्या घरासमोरून जावं लागू नये म्हणून शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घ्यायचे. आई म्हणायची, "तुमी काय चूक केलास? सरळ वाटेन जावा." तात्या म्हणायचे, "तिका बघूक लागता माझा त्वांड. कित्याक?"

त्या दिवसाबद्दल बोलले कधीच नाहीत, पण एक वेगळाच उद्योग त्यांनी सुरू केला. एप्रिल लागला की विहिरी साफ करायचे दिवस येतात. तात्या रोज सकाळी सायकल काढून निघायचे. कुठे इंजिनाचा आवाज आला की तिकडे. विहिरीत इंजिन उतरवलेलं दिसलं की ते वर काढेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. ओळख असो नसो. लोक वैतागायचे. "इलो इन्स्पेक्टर," म्हणायचे. एकाने त्यांच्या अंगावर कुत्रा सोडला. एकाने विचारलं, तुम्हाला कोणी नेमलंय? तात्या म्हणाले, "कोणी नाय." आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. पाच तास. शेवटी त्या माणसाने कंटाळून इंजिन वर घेतलं. असे सहा एप्रिल गेले. त्या सहा वर्षांत आमच्या आसपासच्या गावांत विहिरीत गुदमरून कोणी मेलं नाही. हे तात्यांमुळे, असं मी म्हणत नाही. झालं नाही, एवढंच खरं.

सातव्या वर्षी भाद्रपदात, गणपती विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी, प्रकाश आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला. मी ओट्यावर माझ्या चार वर्षांच्या रेवाला भरवत होते. तो वर आला नाही. तात्या आतून आले.

"आयेची कळशी बावीत पडली," प्रकाश म्हणाला. नजर तुळशीकडे. "ती म्हणता, तात्यांकच सांग."

दारातून आई म्हणाली, "गळ टाक मरे. पावसातली बाव ती, चार पुरुष पाणी असतला. ह्येंका सत्तर झाली."

"टाकलंय. लागणा नाय."

गळ लागत नाही असं होत नाही. जरा वेळ लागतो, पण लागतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, प्रकाशलाही. तात्यांनी खुंटीवरचा दोर काढला. आई उंबऱ्यावर बसली. मी रेवाला तिच्या मांडीवर दिलं तेव्हा तिचे हात गार होते.

त्या विहिरीवर मी मधू गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. पाणी काठापासून दोन हात खाली होतं, हिरवं, भरलेलं. आत काही दिसत नव्हतं. सावित्रीकाकी कपडे धुवायच्या दगडावर बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी वाकून वास घेतला. दोर वीतभर वीतभर सरकवून तपासला. कमरेला बांधला. दुसरं टोक प्रकाशपुढे केलं.

"धर."

प्रकाशने हात पुढे केला नाही. "दुसऱ्या कोणाक तरी बोलवतंय."

"कित्याक? तू आसस मां."

प्रकाशने दोर घेतला. तो मनगटाला गुंडाळताना त्याला दोनदा परत सोडावा लागला. तात्या म्हणाले, "तळाक गेल्यार दोनदा हलयन. तवसर ओढू नको." आणि त्यांनी पाण्यात सूर मारला.

पहिल्यांदा रिकामे वर आले. खोकले. कडेच्या दगडाला धरून दम घेतला. मी म्हणाले, "तात्यानू, बस झाला." त्यांनी बोट वर करून मला थांबवलं आणि पुन्हा खाली गेले.

दोर सळसळत आत जात राहिला आणि मग थांबला. पाण्यावरचे बुडबुडे फुटून गेले. पाणी पुन्हा सपाट झालं. मी मनात आकडे मोजत होते आणि ते मला आठवत नाहीत. प्रकाशचे दोन्ही हात थरथरत होते, त्याच्या हातांनी दोर थरथरत होता, त्यामुळे खालून हलतोय की वरून तेच कळेना. "हलयना नाय," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. मग त्याने दोर माझ्याकडे टाकला आणि शर्ट ओढायला लागला.

"झीला, थांब."

सावित्रीकाकी उठून आली होती. तिने मुलाचं मनगट पकडलं होतं.

"आये, सोड. मरतलो तो."

"थांब. तो हलयतलो." तिने मनगट सोडलं नाही. "तो सांगता तसा करता. थांब."

आम्ही तिघं त्या सपाट पाण्याकडे बघत उभे होतो. माझ्या हातात दोर होता. मला ओढायचा होता. काकीने मुलाला धरलं होतं आणि मान हलवून मलाही नको म्हणत होती. मग दोर माझ्या तळहातात हलला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

प्रकाशने माझ्या हातातून दोर हिसकावून घेतला आणि ओढायला लागला. एवढ्या जोरात की तात्या वर आले ते कडेच्या दगडावर आपटता आपटता वाचले. एका हातात कळशी होती. ओठ निळे पडले होते. प्रकाशने पोटावर झोपून त्यांना काखेत धरलं आणि वर घेतलं. घेतल्यावर सोडलं नाही. तसाच धरून बसला, ओल्या अंगाला कव घालून, आणि तात्यांचा एक हात, कळशी नसलेला, त्याच्या पाठीवर होता.

सावित्रीकाकीने कळशी घेतली. पालथी करून पाणी ओतलं. पदराने पुसली. मग म्हणाली, "त्या दिसा दोनय गेले असते माझे."

"व्हय," तात्या म्हणाले.

"च्याय घेवन जावा," ती म्हणाली, आणि तात्यांनी तिच्या ओट्यावर बसून चहा घेतला. बिडी ओढली. मी आईला सांगायला पुढे धावले. ती अजून उंबऱ्यावरच होती. रेवा तिच्या मांडीवर झोपून गेली होती.

मग वाट सरळ झाली. एप्रिलमधल्या फेऱ्या मात्र तात्यांनी सोडल्या नाहीत, फक्त आता सायकलऐवजी प्रकाशच्या रिक्षातून जायचे. लोक म्हणायचे, "इन्स्पेक्टराक गाडी गावली."

तात्या या जुलैत गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, आईने विड्याचं पान लावून दिलं तर घ्यायला हात पुढे आला नाही. पंच्याहत्तरीनंतर हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी पाण्यात सूर मारायला सक्त मनाई केली होती, तीही त्यांनी पाळली होती. तरी गेले. मला फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात होते. लगेच निघाले. आंबोलीच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, तिथे तीन तास अडकले, मग मागे फिरून फोंड्याच्या घाटाने खाली उतरले. घरून माझा भाऊ विचारत होता, किती वेळ? मी म्हणत होते, येते, थांबा. आणि पाऊस वाढत होता. शेवटी मीच सांगितलं, थांबू नका. मी पोचले तेव्हा स्मशानातली माणसं परतत होती. प्रकाश सगळ्यांच्या मागे होता. तो मला बघून थांबला आणि म्हणाला, "पुढचो खांदो माझो होतो." मी मान हलवली.

त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते मे महिन्यातलं.

रेवा आता अकरा वर्षांची आहे. कोल्हापूरची मुलगी, पाण्याला घाबरणारी. तात्यांनी आपल्या इतर सगळ्या नातवंडांना पोहायला शिकवलं, ही तेवढी राहिली होती. त्या सुट्टीत त्यांनी तिला रोज सकाळी आमच्या विहिरीत उतरवलं. दोन सुके नारळ एकमेकांना बांधून पाठीला लावायचे आणि स्वतः शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसायचे. सूर नाही, पोहणं नाही, नुसतं बसायचं. ती समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायची. पहिले आठ दिवस रडत. मग रडणं थांबलं. निघायच्या दिवशी सकाळी नारळ पायरीवर होते आणि ती पाण्यात होती.

आमची गाडी दारात उभी होती. बॅगा भरल्या होत्या. मी विहिरीवर जाऊन खाली ओरडले, "रेवा, चल. उशीर होतोय. तात्यानू, तिका वर पाठवा."

तात्यांनी वर पाहिलं. वरून त्यांचं टक्कल आणि खांदे तेवढे दिसत होते. "पाच मिनटा बस गो," म्हणाले. "चेडू आज दमणा नाय."

मी आयुष्यभर घाईत असलेली बाई. गाडी, वेळ, रस्ता, हेच डोक्यात. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी कठड्यावर बसले. खाली ती हात मारत समोर जात होती, भिंतीला हात लावून वळत होती, परत येत होती. ती पोचली की तात्या तिच्या डोक्यावर नुसता हात टेकायचे आणि ती पुन्हा वळायची. विहिरीत पाण्याचा आवाज होता तेवढाच. पाच मिनिटांची पंधरा झाली असतील.

मग रेवा वर आली, दात वाजत, डोळे लाल. मी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि खाली वाकून म्हटलं, "येतंय तात्यानू."

ते वर आले नाहीत. तिथूनच त्यांनी एक हात उचलला. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. "सांबाळून जावा," म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे वळले.